ग्विलिमचे धुळीचे पैसे

१२ फेब्रुवारी २०१९
सही केली. ज्या हाताने तीस वर्षं लोकांना "दलालाच्या कागदावर सही करू नका" म्हणून अडवलं, त्याच हाताने.

फोनवरचा, दावे लावून देणाऱ्या कंपनीचा कॅलम पहिल्या वाक्यापासून मला नावाने हाक मारत होता, जणू माझ्या मांडीवर वाढला. "एल्विन, कर्ज देताना बँकेने न विचारता तुमच्या गळ्यात विमा मारला होता. ते पैसे परत मिळतात. ऑगस्टनंतर दार बंद. नाही मिळाले तर आम्हाला एक पेनी नको."
दिवाळं निघालं असेल तर?
"किती वर्षं झाली?"
तेरा.
"मग ते केव्हाच धुऊन गेलं."

हेच काम दर सोमवारी वाचनालयातल्या युनियनच्या टेबलावर फुकट होतं. पण टेबलामागे डिल्विन बसतो, आणि त्याच्या डोक्यावर भिंतीला खाणीच्या संपातला माझा फोटो. त्या फोटोखाली बसून सांगायचं, की माझं पुस्तकांचं दुकान गुडघेदुखीने बंद झालं नव्हतं? दिवाळखोरीची गोष्ट फक्त माझ्या बायकोला, ऑल्वेनला ठाऊक होती. ती आपल्याबरोबर घेऊन गेली.

२० फेब्रुवारी
ग्विलिमकडे. नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरतंय. मी दारात दिसताच — "ये पुढारी. आज कोणावर तोफ?"
मी म्हटलं, तुझ्यावर. इतकी वर्षं झाली, अजून रग्बीचा एक नियम धड कळत नाही.
मेन्नावहिनी आतून ओरडल्या, "भाऊजी, हसवू नका त्यांना! हसले की तासभर खोकतात."

आम्ही दोघंही खाणीत उतरलो. धूळ त्याच्या छातीत राहिली. सरकारने त्या छातीची किंमत दिली, त्यातूनही वकिलांनी आपला वाटा कापला, आणि मी चौकात उभं राहून त्या वकिलांची सालटी काढली. पुढे त्याच पैशांतले तीन हजार दोनशे ग्विलिमने माझ्या दुकानात घातले. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. "तू वाचतोस, मग विकूनही बघ," एवढंच म्हणाला.
दुकान बुडालं. कोर्टाच्या अर्जात धनकोंची यादी लिहायची होती. बँक लिहिली, दुकानाच्या जागेचा मालक लिहिला, पुस्तकांचा ठोक व्यापारी लिहिला. ग्विलिमला लिहिलं नाही. सख्खा भाऊ — त्याला सरकारी लखोट्यातून कळावं? तोंडाने सांगेन म्हटलं. तेही राहिलं.
कायद्याने त्याचंही देणं पुसलं. मी पुसलेलं नाही.

१६ मे
मंजूर! चार हजार शंभर पौंड. कंपनीचे नऊशे चौऱ्याऐंशी वजा. उरतात तीन हजार एकशे सोळा. वरचे चौऱ्याऐंशी पेन्शनमधून घालीन. ग्विलिमच्या हातात पूर्ण रक्कम ठेवायची — तो ती हातात धरू शकतो तोवर.

११ जून
आज दोन पाकिटं.

पहिलं बँकेचं. विमा दिवाळखोरीच्या आधीचा, म्हणून परतावा माझा नव्हेच. तो दिवाळखोरीच्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेला. माणूस सुटतो, त्याचं जुनं येणं सुटत नाही.
दुसरं कंपनीचं. नऊशे चौऱ्याऐंशी, चौदा दिवसांत.
कॅलमला फोन.
"पैसे मिळाले ना, एल्विन."
मला नाही मिळाले.
"तुमच्या वतीने मिळाले. तुमचं जुनं देणं फिटतंय. फायदा तुमचाच."
ते देणं कायद्यानेच संपवलंय.
"सतरावं कलम वाचलंत का? पैसे कोणाकडेही गेले तरी आमचा हिस्सा तुम्हीच द्यायचा."
नाही वाचलं. वाचनालयाचं पूर्वेकडचं अख्खं कपाट वाचलं, इतिहास वाचला, अर्थशास्त्र वाचलं, ही चार पानं वाचली नाहीत.

१२ जून
ज्याला काहीच मिळालं नाही त्याच्याकडून मिळकतीचा हिस्सा मागतात. याला धंदा म्हणतात, परवाना असतो. आमच्या पोरांनी खाणीच्या ढिगावरून पोतंभर कोळसा उचलला होता, तेव्हा त्याला चोरी म्हणाले होते.

हे वाक्य चौकात टाळ्या घेईल. चौकात म्हणायची सोय मीच ठेवली नाही.

१ जुलै
शेवटी डिल्विनसमोर बसलो. त्याने कागद वाचले, चष्मा काढला.
"तू सही केलीस? तू?"
हो.
"माझ्या आईने केली असती तर तू घरी येऊन तिला फाडून खाल्लं असतंस."
मग चहा आणला. दोन चमचे साखर घातली, न विचारता. कंपनीला फोन लावला, भांडला. महिना तीस पौंडांवर आणलं. म्हणजे भावाला तेरा वर्षांत एक पौंड दिला नाही, आणि यांना दर महिन्याला तीस.
उठताना म्हणाला, "अधिकारी ते पैसे जुन्या धनकोंत वाटेल. यादीत कोणाचं नाव राहिलं असेल तर अजून दावा लावता येतो. राहिलंय का कोणी?"
नाही म्हणालो.

१० जुलै
सांगायला गेलो. जागेच्या मालकाचं नाव लिहिलं आणि तुझं गाळलं, हे एक वाक्य. आता तूही दावा लाव, हे दुसरं. दोनच वाक्यं. वाटेत पाठ केली.
ग्विलिमनेच विचारलं, "काही सांगायचंय का तुला?"
नाही.
"मग केक तरी खा. मेन्ना माझ्यावर रागावते, कोणी खाल्ला नाही की."

१५ जुलै
झोप नाही. आधी कोरा अर्ज मागवून घ्यायचा. कागद हातात असला की बोलता येईल. सभेतही हातात टिपण असलं की आवाज फुटायचा.

१६ जुलै
अधिकाऱ्याच्या कचेरीत फोन केला. बाईंनी फाईल काढली. म्हणाल्या, "ग्विलिम प्रोबर्ट? त्यांचा दावा आहे की इथे. नोव्हेंबर २००६. तीन हजार दोनशे."
मी आकडा पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतला.
"पण तो मागे घेतलाय. नऊ दिवसांनी. त्यांच्याच सहीचं पत्र आहे."
कारण काय लिहिलंय, विचारलं.
त्यांनी पान उलटून पाहिलं. कारण लिहिलेलं नाही.