अप्पांना येणारी हाक

५ नोव्हें.
काल अप्पांचं तेरावं झालं. पाहुणे पांगले. दादा-वहिनी महाळुंग्याला परतले, मी आईजवळ मुळशीतच थांबलेय. ऑफिसला कळवलंय, सध्या घरूनच काम. रेंज फक्त गोठ्यामागे येते, तिथंच खुर्ची टाकलीय.
दुपारी मीटिंग चालू असताना पाठीमागून ऐकलं, "आलो, आलो." अप्पांचा आवाज, अगदी नेहमीचा. वळून बघितलं. गोठा रिकामा. पुढं मीटिंगमध्ये मी काय बोलले, आठवत नाही.
आईला सांगितलं नाही.

६ नोव्हें.
सकाळपासून तेच डोक्यात. ही अप्पांची सवय मी लहानपणापासून पाहिलेली. फौजेतून हवालदार म्हणून घरी आले तेव्हा मी पहिलीत. सकाळी आई गुरांकडे, म्हणून माझ्या वेण्या अप्पा घालायचे. भांग असा सरळ की बाई वर्गात दाखवायच्या. शाळेच्या गणवेशाला तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचे. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी मला सोडायला मोटारसायकलवर आले, आणि गेटवरच्या वॉचमनशी तासभर बोलत बसले.
पण जेवता जेवता मध्येच मान वर करायचे. "आलो, आलो." उष्ट्या हातानं अंगणात जायचे, उभे राहायचे, परत यायचे. कुणी हाक मारलेली नसायची. दादा नक्कल करायचा, मी हसून लोटपोट. अप्पाही हसायचे. आई तेवढी हसायची नाही. त्यांच्या ताटावर झाकण ठेवायची.
शेवटीही तसंच झालं म्हणे. भात कापताना विळा ठेवला, "आलो" म्हणाले आणि बांधाकडे दोन पावलं टाकून पडले. आईनं पाहिलं. मी नव्हते.

८ नोव्हें.
आज जगताप काका आले. अप्पांच्या पलटणीतले, साताऱ्याकडचे. बातमी उशिरा कळली. फोटोसमोर ताठ उभे राहिले, सॅल्यूट केला, मग एकदम खाली बसले. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत.
मी सहज अप्पांच्या त्या "आलो, आलो"चं बोलले. काकांनी उजवा हात डाव्या हातात धरला. मग सांगितलं.
बर्फातली चौकी. कडा कोसळला, तिघं गाडले गेले. अप्पा, काका आणि महादेव. महादेव सगळ्यांत लहान, साताऱ्याच्या माण तालुक्यातला. अप्पा एकटेच धडपडत बाहेर आले. फावडं नाही, काही नाही. दोन बाजूंनी दोन आवाज. काका जवळ होते, म्हणून आधी काकांना उकरायला घेतलं, हातांनी.
"महादेव सारखा वरडत हुता. भाऊ, हितं हाय मी. तुझा बाप खणता खणता म्हणायचा, आलो, आलो." काकांनी चष्मा काढला. "मी भाईर निघालो तवा आवाज बंद झालेला."
दारात आई चहा घेऊन उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

९ नोव्हें.
आईला विचारलं, तुला माहीत होतं?
"लगीन झालं त्या सालीच. झोपंत बी त्येलाच उत्तर द्यायचं."
मग आम्हाला का नाही सांगितलंस? आम्ही हसायचो गं.
"हसू दिलं. तुमी हसला की त्येंना कळायचं, आपुन घरी हाय."
पुढं काही लिहवत नाही.

१० नोव्हें.
जगताप काका आज परत गेले. एस.टी. स्टँडवर आणखी एक सांगितलं. महादेवची आई अजून आहे, कोंडाबाई. अप्पा दर वर्षी भात निघालं की तिच्याकडे जायचे. आम्हाला वाटायचं, पलटणीतल्या दोस्ताकडे जातात. तिला अप्पांनी सांगितलेलं, पोरगा झोपेत गेला, कळलंसुद्धा नाही त्याला. खरं सांगायचं असं ठरवून जायचे आणि न सांगता परत यायचे. दसऱ्याला काकांना फोनवर म्हणाले, औंदा सांगतोच, म्हातारी थकली.

१३ नोव्हें.
आई कोंडाबाईंकडे जायचं म्हणतेय. दादाचा फोन आला. त्याचं म्हणणं, जाऊ नका. इतक्या वर्षांनी म्हातारीला कशाला जाळायचं. त्याचंही पटतं.
आईनं ऐकून घेतलं. मग जायची पिशवी भरायला लागली.

१६ नोव्हें.
माणला जाऊन आलो. पत्र्याचं घर, पुढं कडुलिंब. कोंडाबाई उन्हात बसलेल्या, डोळ्यांनी आता दिसत नाही. आईनं ओळख सांगितली.
"हवालदार न्हाई आलं?"
आईनं सांगितलं. म्हातारी रडली नाही. माझा हात चाचपून धरला, सोडलाच नाही.
आई म्हणाली, त्येंना तुमास्नी कायतरी सांगायचं हुतं.
"ठावं हाय. दर वर्साला त्येच सांगाया यायचा. तोंड उघडलं की मी दुसरंच कायतरी काढायची."
का, असं मी विचारलं. माझ्याच तोंडून गेलं.
"सांगून झालं असतं, तर परत कशाला आला असता?"
आई पुढं सरकली, अगदी जवळ.
"मग मी सांगू का?"
कोंडाबाईंनी तोंड उन्हाकडे फिरवलं. ओठ हलत होते. मग विचारलं,
"एस.टी.त बसाया जागा घावली का गं बायांनो?"
आई म्हणाली, घावली.