कॅबिनेटमधलं कुंकू

१५ ऑक्टोबर २००१, सोमवार
आज दवाखान्यात डॉक्टर सरांनी सगळ्या स्टाफसमोर सांगितलं — ट्रेडमिलच्या कॉम्प्युटरला दिशाशिवाय कुणी हात लावायचा नाही. म्हणजे माझ्याशिवाय! पेशंट पट्ट्यावर चालतो, छातीला चिकटवलेल्या वायरींतून त्याच्या हृदयाचे ठोके मॉनिटरवर उमटतात, प्रिंटर त्याचा कागद काढून देतो. हे सगळं चालू कोण ठेवतं? मी. इंदिरानगरच्या क्लासला हार्डवेअर शिकायला गेले तेव्हा आत्या म्हणाली होती, "मुलीच्या जातीला स्क्रूड्रायव्हर कशाला?" आता ये म्हणावं बघायला.

नोकरी मात्र अजून कच्चीच. "कायम करायचं दिवाळीनंतर बघू," सर म्हणतात. त्यांचं 'बघू' कधी संपतं ते देवाला ठाऊक.

१८ ऑक्टोबर
माउस अडकत होता. आतल्या गोळीला मळ. पुसून बसवला, पळायला लागला.

२५ ऑक्टोबर, खंडेनवमी
दवाखान्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली. कात्र्या, चिमटे, सरांचा स्टेथोस्कोप, आणि शेवटी माझा कॉम्प्युटर. वॉर्डातल्या सुलाबाई मावशींनी त्याचं कॅबिनेट, म्हणजे मुख्य डबा, उचलून पाटावर ठेवलं, झेंडूची माळ घातली. मी म्हटलं, बंद मशीनची कसली पूजा? आणि चालू केलं. मावशींचा हात सढळ — चिमूट नाही, मूठभर हळद-कुंकू वाहिलं. सगळ्यांनी हात जोडले. मी बाजूला वरमाईसारखी उभी.

२७ ऑक्टोबर, शनिवार
मुंबईचे हार्टचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात, ते आज. सकाळी मशीन लावलं तर स्क्रीन काळी. आतून नुसते लांब लांब बीप. पुण्याला कंपनीत फोन केला. "इंजिनिअर मंगळवारी येईल."

बाकावर पेठहून आलेले पेशंट सोमा काका बसलेले. त्यांचं पुढे काय करायचं ते आजच्या टेस्टवर ठरणार. त्यांची बायको म्हणाली, "पोरी, आज नाय झालं तं महिन्यानं का? तवर यांनी काय करायचं?"

कॅबिनेटच्या मागे कंपनीची चिकटपट्टी — सील तोडलं तर वॉरंटी रद्द. सर ऑपरेशनमध्ये. विचारायचं कुणाला? फाडली.

आत बघते तर कुंकूच कुंकू! मागचा पंखा हवा बाहेर फेकतो, तेव्हा पुढच्या फटींतून कुंकू आत ओढलं गेलं. आणि चालू कुणी केलं होतं? मीच. शहाणी! लांब बीप म्हणजे रॅमची, मेमरीच्या पट्टीची, तक्रार, हे क्लासमध्ये घोकलेलं. रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवला, ब्रशने आतलं सगळं झटकलं, पट्टी खटकन बसवली. एकच छोटा बीप झाला आणि स्क्रीन उजळली.

सोमा काका पट्ट्यावर चालले. मुंबईच्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "महिनाभर थांबला असतात तर अवघड होतं. सोमवारीच मुंबईला या." काकांच्या बायकोने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. घरी येऊन आईला सगळं तीनदा सांगितलं. तिने तिन्ही वेळा ऐकून घेतलं. आज मी स्वतःवर खूश आहे, फार खूश.

३० ऑक्टोबर, मंगळवार
इंजिनिअर आला. पहिल्यांदा फाटलेली पट्टीच दिसली त्याला. "सील कुणी तोडलं? वॉरंटी गेली तुमची. यापुढे काही बिघडलं तर आम्ही येणार नाही." सरांचा चेहरा उतरला. सुलाबाई मावशी मान खाली घालून उभ्या. मी म्हटलं, "मी तोडलं. पूजेत मशीनही मीच चालू ठेवलं होतं." सर एवढंच म्हणाले, "उद्या केबिनमध्ये ये."

आई म्हणते, माफी मागून मोकळी हो. कुंकवाची मागेन. सील तोडल्याची अजिबात नाही. पण भीती वाटतेय. नोकरी गेली तर आत्याला तेवढंच हवंय.

३१ ऑक्टोबर
सर म्हणाले, "वॉरंटी गेली. आता मशीन बंद पडलं तर बोलवायचं कुणाला?"

"मला," म्हटलं.

"मग कच्च्या माणसाच्या भरवशावर कसं सोडू? कायमची ऑर्डर टाइप करून आण, सही करतो."

टाइप केली. स्वतःचंच नाव लिहिताना दोनदा चुकले.