एका कान्याचा फरक

६ मे

चि. तारमास्तर यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. शब्दामागे पैसे पडत असल्यासारखा बोलतोस म्हणून लहानपणी तुझं हे नाव पडलं. साठी उलटली तरी तुझी खोड काही गेली नाही. मागच्या कार्डावर तर पत्त्याचा मजकूर जास्त होता आणि आतला कमी!

आता कामाचं. माझ्या बाइंडिंगच्या कारखान्याची खोली मालक विकायला निघालाय. पहिला हक्क माझा, पण ऑगस्टअखेर पैसे मोजायला हवेत. नाहीतर दुसऱ्याला देणार. कटिंग मशीन मी जमिनीत बोल्ट मारून बसवलंय, ते वरच्या मजल्यावर चढत नाही, आणि तळमजल्याची दुसरी खोली मला परवडणारी नाही. खोली गेली की माझा धंदा गेला, आणि पानं जुळवणाऱ्या दोघी बायकांचाही.

पैसे म्हणशील तर आमच्या ह्यांच्या मागे राहिलेले कागदगिरणीचे शेअर, एवढंच. आज विकले तर खोलीला थोडेच कमी पडतात, ते ऑगस्टपर्यंत मी कामातून जमवीन. निवडणूक होऊन महिना झाला तरी सरकार बनत नाही. रोज कोणीतरी नवं नाव अर्थमंत्री म्हणून मिरवतं आणि भाव आणखी खाली येतो. माझी तर झोप उडालीय. तू सगळा जन्म शेअर दलालाच्या कचेरीत घालवलास, तेव्हा तूच सांग. शेअर ठेवू, की विकून बँकेत ठेव करू? तू सांगशील तसं करीन.

भावजयीला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा राहो, त्याला तरी अजून बाजारभाव लागलेला नाही.

तुझी,
ताई

११ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. कचेरीत फोन थांबत नाही. गिऱ्हाइकं जिन्यात बसलीत. बाहेरगावच्यांना कार्डं लिहून हात दुखला. तुझा प्रश्न कळला. उत्तर : ठेव.

हिचा नमस्कार.

तुझा,
तारमास्तर

१९ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आज मी लांबलचक लिहिणार आहे, घाबरू नकोस.

काल संध्याकाळी कचेरी आवरत होतो. कोपऱ्यात रेडिओ चालू होता. नव्या सरकारचे नवे अर्थमंत्री बोलायला लागले. आवाज इतका शांत, की हवामानाचा अंदाज सांगतायत असं वाटावं. म्हणाले, तिजोरीत खडखडाट आहे, म्हणून बँकांमधल्या सगळ्या मुदत ठेवींचे आजपासून सरकारी रोखे झाले. पैसे पंधरा वर्षांनी मिळतील. मध्ये मोडता येणार नाहीत, विकताही येणार नाहीत. आमचे साहेब चष्मा काढून पुसायला लागले ते पुसतच राहिले. मग शिपायाने विचारलं, की म्हणजे नक्की काय झालं. साहेबांनी त्याला रेडिओ बंद करायला सांगितलं.

आज सकाळी बँकेपुढून आलो. दार बंद, आणि बाहेर माणसं नुसती उभी. आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही. ते बघून जास्त भीती वाटली. हिच्या नावावरची आमची ठेवही त्यातच गेली. ही कालपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. या घरात कमी बोलायचा मान आजवर माझा होता.

पण ताई, तू वाचलीस! चलन कोसळलं, बाहेरचा कागद महागला, आणि तुझ्या गिरणीचा भाव दुप्पट झाला. एवढ्या राखेत एक तुझंच घर उभं आहे म्हणून मला श्वास घेता येतोय. आता मात्र थांबू नकोस. शेअर विक, खोली घे आणि मला पेढे पाठव.

लोभ वाढव, आम्हाला आता त्यावरच दिवस काढायचेत.

तुझा,
तारमास्तर

२३ जून

चि. तारमास्तर यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी उभ्याने वाचायला घेतलं आणि खाली बसले. खळीच्या बादलीवर बसले हेही मला कळलं नाही, बायकांनी उठवलं.

अरे, कुठले शेअर? तुझं कार्ड आलं त्याच आठवड्यात मी ते विकले. मी विचारलं होतं, शेअर ठेवू, की ठेव करू. तू लिहिलंस, ठेव. मी म्हटलं, बघा, माझा भाऊ किती नेमकं बोलतो. बँकेत जाऊन सगळ्या पैशाची ठेव केली. पावती हातात घेऊन घरी येताना मला इतकं हलकं वाटत होतं, की वाटेत उगाचच एका ओळखीच्या बाईला थांबवून तुझं कौतुक सांगितलं.

मी शब्दकोश बांधते रे. जन्मभर मोठमोठे शब्दकोश शिवले, आणि दोन अक्षरांत फसले. नाम की क्रियापद, हे एकदा विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

रागावलेली नाही. अजून राग यायलाच लागलेला नाही, नुसती सुन्न आहे. मालक काल डोकावून गेला. नुसत्या भिंती बघत होता.

तुझी,
ताई

२७ जून

तीर्थस्वरूप ताई यांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. ते वाचल्यावर मी त्या दिवशीची कार्डं आठवत बसलो. सगळ्यांचा प्रश्न तोच होता आणि सगळ्यांना मी तोच एक शब्द लिहिला होता. वाटलं, किती घरं बुडवली मी? धावत कचेरीत गेलो, एकेकाला फोन लावले.

एकही बुडालेला नाही. सगळ्यांनी शेअर ठेवले. उलट मलाच दुवा देत होते. आधी उलगडाच होईना. मग फोन हातातच राहिला. गिऱ्हाइकांना मी अहो-जाहो करतो, त्यांना लिहिलं होतं, ‘ठेवा’. त्या शब्दात कोणाची चूक होणं शक्य नव्हतं. नुसतं ‘ठेव’ एकाच कार्डावर गेलं. जिला मी अगं-तुगं करतो, तिच्या.

परक्यांना एक काना जास्त मिळाला आणि ते तरले. तुम्हाला आपलं मानलं आणि बुडवलं. यापुढे तुम्हाला एकेरी हाक मारायचं धाडस माझ्याच्याने होणार नाही. क्षमा मागायलाही तोंड नाही. कृपा असू द्यावी.

आपला,
धाकटा भाऊ

४ जुलै

तारमास्तर,

आशीर्वाद. आधी बातमी. खोली गेली. परदेशी चलन बाळगून असलेला कोणीतरी आला आणि मालकाने दोन महिने थांबायचं नाकारलं. बोलताना त्याचेही डोळे भरले, त्याच्या मुलीच्या शिक्षणाची ठेव अडकलीय. मी त्याला काय बोलणार? दोघी बायकांना मी अजून सांगितलेलं नाही. त्या काल नवी पानं जुळवत बसल्या होत्या आणि मी आत जाऊन रडून घेतलं.

एवढं सगळं झालं तरी मी खचले नव्हते. रेडिओवर ऐकलं तेव्हा उभी होते, मालकाने सांगितलं तेव्हाही. तुझं पत्र उघडलं, ‘तुम्ही’ वाचलं, आणि तिथे मात्र खचले. पाकीट उलटं करून पत्ता पाहिला, दुसऱ्या कोणाचं पत्र चुकून आलं की काय म्हणून. आई गेल्यावर मला ‘अगं’ म्हणणारं या जगात एकच माणूस उरलंय. पैसे सरकारने नेले, ते मी अडवू शकले नाही. हे मात्र मी नेऊ देणार नाही.

शनिवारी मशीनचे बोल्ट काढायचेत, एकटीला पाहवणार नाही. तू ये. पण दारात उभा राहून ‘अहो ताई’ म्हणालास, तर परत जा. मी दार उघडणार नाही.

तुझी, एकेरीतलीच,
ताई