दसऱ्यापर्यंत एक कण

२ ऑक्टोबर २०१५
अंतराळातून येणारे कण आपल्या अंगातून सतत आरपार जात असतात. ते लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात पकडता येतात. कॅमेऱ्यावर काळी टेप लावायची, सॉफ्टवेअर चालू ठेवायचं. अंधारात ठिपका चमकला की तो कण. सॉफ्टवेअर फुकट, वाटेल त्याने वापरावं. तळोज्याची नोकरी सोडल्याला चार महिने झाले. बायकोला, दमयंतीला, शब्द दिला: दसऱ्यापर्यंत एक कण दाखवीन, नाहीतर तुझ्या भावाच्या करंजाड्याच्या बांधकामाच्या साइट ऑफिसात बसेन. वीस दिवस म्हणजे चिक्कार.

४ ऑक्टोबर, सकाळी
इन्स्टॉल व्हायला वीस मिनिटं लागतात असं लिहिलंय.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी
एक फाइल सापडत नाही म्हणतं. ती टाकली तर दुसरी सापडत नाही.

९ ऑक्टोबर
विंडोज उडालं. मुद्दाम उडवलं, असं दमयंतीला सांगितलं. भाचीच्या बारशाचे फोटोही गेले, ते नाही सांगितलं. संशोधनात त्याग आलाच.

१३ ऑक्टोबर, घटस्थापना
सॉफ्टवेअर सुरू झालं. कण शून्य. मेहुणा भावेश येऊन गेला. दाजी, कण गावला का नाय, म्हणाला. माझ्यासाठी फिरती खुर्ची घेतलीय म्हणे. मी विषय बदलला.

१८ ऑक्टोबर
ठिपका दिसला. दोन तास नाचलो. पण तो जागचा हलेना. सेन्सरचा डाग निघाला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं, तर कॅमेरा नीट झाका म्हणाले. टेपचे आणखी दोन थर दिले.

२१ ऑक्टोबर
शून्य. भीती वाटते. उद्या दसरा.

२२ ऑक्टोबर, दसरा, दुपारी १
अवजारांच्या पूजेत लॅपटॉप ठेव, पण बंद करू नकोस, असं मीच दमयंतीला सांगून झेंडू आणायला गेलो. परत येतो तर अकराशे सदतीस कण. ग्रुपवर मेल टाकला, ‘पनवेल येथे कणांचा वर्षाव’. भावेशला फोन करून खुर्ची परत कर म्हटलं. दमयंती रडलीच.

२३ ऑक्टोबर
ग्रुपचं उत्तर आलं. अभिनंदन नाही. प्रत्येक कणाचा फोटो सेव्ह होतो, ते उघडून बघा म्हणाले. पहिल्यात निरांजन. दहाव्यात निरांजन. शेवटपर्यंत निरांजन, आणि मागे डोळे मिटून, हात जोडून दमयंती. पूजेच्या वस्तूला काळं नको म्हणून तिने पूजेपुरती टेप सोलून काढली होती, मग परत लावली. देवाकडे काय मागत होतीस, विचारलं. तुमचा कण, म्हणाली. आणि मिळाला, म्हणाली. मी मान डोलावली.

२४ ऑक्टोबर
कण नव्हता, निरांजन होतं, हे तिला सांगितलं. ती माझे शर्ट इस्त्रीला देऊन आली. भावेशला फोन केला. हसला असता तर बरं झालं असतं. सोमवारी साडेनऊला या म्हणाला. साइटवरून सिमेंट चोरीला जातंय, चार कॅमेरे लावायचे हाय, आणि घरात कॅमेऱ्यातलं कळतं ते तुमालाच. मी हो म्हणालो.