प्रकाशवर्ष म्हणताना

२० जाने. '९६, कोपरखैरणे
शेजारच्या पाटीलबाई हळदीकुंकवाला अख्ख्या मजल्याला बोलावून गेल्या, आमचं दार सोडून. सोडू देत. दारापाशी चप्पल जरा तरी अडखळायला हवी होती.
शाळेत हेडमॅडमनी पेपरातलं चित्र दाखवलं. अंतराळातल्या दुर्बिणीने आकाशाचा एक रिकामा तुकडा दहा दिवस टक लावून पाहिला. केवढा, तर हात लांब करून धरलेल्या साखरेच्या दाण्याएवढा. रिकामा कसला, हजारो दीर्घिका निघाल्या. "विज्ञान दिनाला नववीला तुम्हीच सांगा." हो म्हणून बसले. आता तो शब्द येणार. गेल्या फेब्रुवारीत हे हार्टने गेले, तेव्हापासून तो धडा मी दुसऱ्या सरांच्या गळ्यात मारलाय.

२३ जाने.
सोळा वर्षांच्या संसारात ह्यांचं नाव घेतलं ते उखाण्यात. आणि वर्गात. प्रकाशवर्ष. धडा आला की हे विचारायचे, "आज किती वेळा घेतलंस?" "सतरा." "घरी एकदा तरी घे." नाही घेतलं. काय बिघडलं असतं? मेलं ते वळण.

२८ जाने., रवि.
दुपारी सासूबाई पेपर नाकाशी धरून बसलेल्या. "गो, प्रकाशचं वर्ष पेपरात दिलंस? बोलली नाहीस ती."
बघते तर तेच चित्र. खालच्या मजकुरात ओळ तुटलेली, वर 'प्रकाश', खाली 'वर्षे'. त्यांना वाटलं, श्रद्धांजलीची जाहिरात. हसू फुटलं, आणि हसता हसता रडायलाच लागले. मग त्याही.
नंतर समजावलं. म्हटलं, आई, हा उजेड फार जुना. तिकडून निघाला तेव्हा हे सगळं होतं, आता असेलच असं नाही. उजेड मात्र येतोच आहे.
त्या म्हणाल्या, "उजेडाला काय करू गो मी? मला माझा झील हवा."
लेकाला त्या झीलच म्हणायच्या. चहा टाकला.

११ फेब्रु.
वर्षश्राद्ध. दीर बसले. गुरुजींनी नाव विचारलं, नेमकं माझ्याकडे बघत. ओठ उघडेनात. आईंनी सांगितलं. त्या दिवसातून दहादा घेतात ते नाव, हेवा वाटतो त्यांचा.
दीर म्हणे, "वहिनी, वर्ष झालं. आता सण करायला हरकत नाही."
झालं म्हणे.

२७ फेब्रु.
तक्ता तयार. 'लाइट इयर' म्हणायचं ठरवलंय. इंग्रजीत नवरा नसतो.

२८ फेब्रु.
अर्धा तास लाइट इयर, लाइट इयर. नीट चाललं होतं. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, "मॅडम, परीक्षेत मराठीत लिहायचं ना? मग मराठीत काय?"
तोंडून येईना. वळून फळ्यावर लिहिलं. लिहायला चालतं. म्हटलं, वाचा.
पन्नास पोरांनी एका सुरात, अगदी खिडक्या दणाणतील असं, ह्यांचं नाव घेतलं.
फळ्याकडे तोंड करून तशीच उभी. खडू हातात.
"मॅडम, पुढे?"