जस्तचोर

प्रिय ओर्शी,

डबा रिकामा आला, म्हणजे माझ्या खुसखुशीत खाऱ्या पोगाचा सगळ्यांना आवडल्या. तुमच्या प्रयोगशाळेत आनंद ज्याचा, खाऊ त्याने आणायचा, म्हणून तुझा शोधनिबंध पुरा झाल्यावर चाळीस भाजून दिल्या होत्या. गुरुवारच्या बैठकीत त्या वाटून झाल्यावर तू आपलंच तीन वर्षांचं काम मोडीत काढलंस, हे मात्र मला तुझ्या मैत्रिणीकडून, युडिटकडून कळलं.

जनुक चालू करणारं ते प्रथिन जस्ताच्या आधाराने बोटासारखं वळतं आणि डीएनए धरतं. कर्करोगाला खतपाणी घालणारं तेवढंच एक बोट तुझं रसायन सैल करतं, असं सगळे धरून चालले होते. तुझे मार्गदर्शक प्राध्यापक बार्ता तर मिशीला पीळ देत फिरत होते. कुणी सांगितलं नसताना तू वरून थोडं जस्त घालून पाहिलंस, तर प्रथिन पुन्हा कामाला लागलं. मग जस्तावरच चालणारी दुसरी चार प्रथिनं तपासलीस, तीही तुझ्या रसायनाने तशीच लुळी पडली. युडिट सांगत होती, तू फळ्याजवळ उभी राहून म्हणालीस, "हे औषध कसलं, हा तर भुरटा जस्तचोर. दिसेल त्या घरात शिरतो." बार्ता म्हणाले, "पोगाचा तरी खऱ्या आहेत ना?"

पदवी वर्षभर लांबली. रडलीही असशील. मी मात्र पाववाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटलेय, की माझ्या लेकीने स्वतःची चूक स्वतः पकडली. शेजारची गिझी म्हणाली, बाई, लोक पास झाल्याचं सांगतात. म्हटलं, तुला नाही कळायचं.

मला कळतं. तुझ्या जन्माआधीपासून मी अशाच एका प्रयोगशाळेत काचभांडी धुतली. धातू ओढून घेणाऱ्या क्षाराने धुतलं, की शुद्ध पाण्याने तीनदा विसळायचं. एका शुक्रवारी तू तापाने फणफणली होतीस, मला घरी पळायचं होतं, मी एकदाच विसळलं. भांड्यात राहिलेल्या क्षाराने प्रयोगातलं जस्त पळवलं, आणि तिथे संशोधन करणाऱ्या आमच्या विल्माला वाटलं तिचंच रसायन चाललं. पुढे तो निकाल पुन्हा कुणालाच मिळेना. तिने आकडे रचले अशी कुजबुज झाली, आणि ती संशोधन सोडून गेली. कारण मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही.

विल्मा हल्ली माको गावच्या शाळेत शिकवते. नव्या पोगाचा भट्टीत आहेत, दहाच्या बसने तिच्याकडे निघालेय. तू भर बैठकीत उभी राहिलीस, मला एका दारात उभं राहायचंय. वाटेत पाय मागे फिरू नयेत म्हणून तुला आधी लिहिलं. हे पत्र स्टँडवरच्या पेटीत टाकते आणि मगच बसमध्ये चढते.

तुझीच, आणि आज तुझ्याकडून शिकलेली,
आई