शेवटचा हात कोणी लावला?

ता. ९ मार्च, बुधवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. आम्ही तिघंही बरे आहोत. तुमचंही तसंच असेल असं धरून चालतो, कारण परवाच्या फोनवर तू तब्येतीचं विचारूच दिलं नाहीस, सरळ नोकरीचं काढलंस.

आधी तुझ्या गच्चीवरच्या पंपाचं. तो पाणी ओढत नाही म्हणून तू मोटर बदलायला निघाला आहेस. बदलू नकोस. मोटर चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंग बसवलेलं असतं त्या भागावर टेकव आणि मूठ कानाला लाव. खडखड आली तर बेअरिंग गेलं. एकसारखी गुणगुण असेल तर मोटर ठणठणीत आहे, ओढणाऱ्या पाइपात कुठेतरी हवा शिरते आहे. सांधे तपास. दुकानदार तुला हे सांगणार नाही, त्याला मोटर विकायची आहे. तू मला खोक्यांच्या कारखान्यात झाडू मारायला लावून दिलंस. त्यापुढचं सगळं मी बघून बघून आणि मशीनबरोबर येणारी जाड पुस्तकं शब्द लावत वाचून शिकलो. तेव्हा एवढं माझं ऐक.

छोटी मजेत आहे. तिची आई सकाळी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाते ती अंधार पडताना येते. कारखान्याला कुलूप लागल्यापासून मधला दिवस माझ्याकडे. वेण्या मीच घालतो. भांग सरळ, दोन्ही बाजू सारख्या. तिची आई म्हणते, "ओळंबा लावून घालता की काय?" खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यात गाठतात.

"काय फिटर, अजून घरीच?"

"घरीच."

"मग दिवसभर करता काय?"

"एकच मशीन आहे मास्तर, पण बंद करायचं बटणच दिलेलं नाही."

ते हसले. मीही हसलो आणि जिना चढलो.

मधे एक गंमत झाली, तीही सांगून टाकतो. आमच्या स्वयंपाकघराचं दार करकरायचं. तुला माहीत आहे, करकर मला सहन होत नाही. एका सकाळी सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं, खिळ्या काढून पुसल्या, वरचा स्क्रू आवळला. दार असं फिरायला लागलं की बोटाने ढकलावं. मी दोनदा उगीचच उघडून पाहिलं.

त्या दुपारपासून छोटी झोपेना. आतल्या खोलीत तिला निजवून मी भांड्यांकडे वळलो की उठून बसायची, "बाबा, तू आहेस?" आहे म्हटलं की आडवी व्हायची, पुन्हा उठायची. शेवटी रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कपाळ पाहिलं, पोट पाहिलं, दाढा पाहिल्या, पडदा बदलला. काही नाही. मग वैतागून कारखान्यातला पहिला प्रश्न स्वतःला विचारला. चांगलं चाललेलं मशीन बिघडलं की आम्ही आधी तो एकच प्रश्न विचारायचो: शेवटचा हात कोणी लावला?

हात मीच लावला होता.

दार करकरलं की तिला कळायचं, बाबा इकडे गेला, बाबा तिकडे आला. ते ऐकत ती झोपायची. मी घर गुळगुळीत करून टाकलं आणि तिला वाटलं, मी घरातच नाही.

मग बसलो दार बिघडवायला. आयुष्यात असलं काम केलेलं नाही. रॉकेलने तेल पुसून काढलं, खिळी पॉलिशपेपरने घासून खरखरीत केली. दार ओढलं. आवाज आला. आतून उत्तर आलं, "हे नाही." पुन्हा घासली. "हे पण नाही." शेवटी वरचा स्क्रू थोडा सैल सोडला, दार जरासं झुकलं आणि तोच जुना रडका सूर निघाला. आतून काही ऐकू आलं नाही. जाऊन पाहिलं तर उशीवर गाल दाबून झोपली होती. रात्री तिच्या आईला सांगितलं तर म्हणाली, "दारं दुरुस्त करणारे पुष्कळ पाहिले, मुद्दाम बिघडवणारे तुम्हीच!"

तू म्हणशील, दाराचं पुराण पुरे, सोमवारी हजर होतोस की नाही ते सांग.

दादा, मी येत नाही.

तुझ्या मिलमधली फोरमनची जागा मोठी आहे, माझ्या वयाच्या माणसाला पुन्हा कोणी विचारणार नाही, हे मला कळतं. तू मालकांना शब्द देऊन बसला आहेस हेही कळतं. फोनवर तू म्हणालास, "बायकोच्या पगारावर पोर खेळवत बसायला लाज कशी वाटत नाही?" वाटते. हात शिवशिवतात. शेजारच्यांचा मिक्सर भिंतीपलीकडे फिरला की त्याच्या मोटरचे ब्रश झिजलेत हे इथे कळतं, आणि पाना घेऊन उठावंसं वाटतं. पण तुझ्याकडे आलो तर महिन्यातून एकदा घरी. छोटीला कोणाकडे तरी ठेवावं लागेल. राहील ती. पोरं राहतात, सवय होते. मला त्या सवयीचीच भीती वाटते.

आपले बाबा बाहेरगावच्या कामावरून यायचे तेव्हा आपण दोघं कपाटाआड उभे राहायचो. तू मला पाठीत ढकलून म्हणायचास, "जा पुढे, बाबा आहेत ते." माणूस वाईट नव्हता. पैसे कधी चुकले नाहीत. तरी दर वेळी तुला ते मला सांगावं लागायचं.

छोटीच्या आईचा यात दोष धरू नकोस. ती 'जा'ही म्हणाली नाही आणि 'नको'ही म्हणाली नाही. "तुमचा निर्णय, तुम्ही लिहा. 'ती नको म्हणते' असं लिहिलंत तर याद राखा," एवढंच बजावलं.

मालकांना मी वेगळं पत्र टाकलं आहे. दादाने शब्द माझ्या भरवशावर दिला, तो मी मोडला, यात त्याची चूक नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर ते त्यांच्या टेबलावर असेल. माघार घ्यायला मी स्वतःला जागा ठेवलेली नाही.

शिव्या द्यायला फोन कर. एकही शब्द उलट न बोलता ऐकेन. फक्त दुपारी नको. ती झोपलेली असते.

तुझाच,
धाकटा